बिनवायरीची सीट

तात्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, त्याच वर्षी मी विमानाच्या सीटमधली वायर काढून टाकायच्या कामाला लागले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. तो मी जोडला.

तात्या म्हणजे माझे वडील. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं वायरमन म्हणून काढली. माझं आणि दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. आमचे आजोबा लोकांच्या रानात राबले. तात्या आयटीआय करून कारखान्यात लागले आणि वीज तपासायच्या आपल्या टेस्टरचा त्यांना एवढा अभिमान, की विहारात वंदनेला जातानासुद्धा पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेनच्या जागी तो अडकवून जायचे. आई म्हणायची, "तितं काय फ्यूज गेलाय व्हय?"

"गेला तर?" तात्या म्हणायचे.

मी तिसरीत असताना त्यांनी मला वायर सोलायला शिकवलं. ब्लेड किती दाबायचं, कुठं थांबायचं. आतल्या तांब्याला ओरखडा पडला की तो तुकडा फेकून द्यायला लावायचे. "आज चालंल गं," म्हणायचे, "पन येक दिवस तितंच तुटंल." पुढं मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले, त्याची सुरुवात त्या ब्लेडपासून आहे. दादा कॉम्प्युटरकडं वळला, कॅनडाला गेला, तिथंच त्याचा संसार झाला, मुलगी झाली. तात्या निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदापूरला घर बांधलं. त्या घराचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं. दुसऱ्या कुणाला स्टुलावर चढू दिलं नाही.

दम लागायला सुरुवात झाली ती विहाराच्या पायऱ्यांवर. आम्ही म्हटलं, वय झालं. मग कोरडा खोकला सुरू झाला, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन केला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. हे मागं फिरत नाही. आपण फक्त सोबत करायची."

"पण कशामुळं? त्यांनी बिडीसुद्धा कधी ओढली नाही."

"काही वेळा कारण सापडतच नाही."

गाडीत बसल्यावर मी हे तात्यांना जमेल तेवढं हलकं करून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "फॉल्ट हाय म्हंजे कारन असनारच," ते म्हणाले. "ह्यास्नी गावलं न्हाय म्हना."

घरात ऑक्सिजनची दोन मशीनं आली. एक मोठं, भिंतीला पिन लावून रात्रंदिवस चालणारं. दुसरं छोटं, बाहेर जाताना खांद्याला अडकवायचं, बॅटरीवरचं. मोठ्या मशीनची नळी लांबलचक होती. तात्या पलंगावरून ओसरीवर आले की ती साऱ्या घरातून त्यांच्या मागं सरपटत यायची आणि आई ती ओलांडत स्वयंपाक करायची. लाईट गेली तर म्हणून तात्यांनी मशीनसाठी इन्व्हर्टरची वेगळी लाईन ओढून घेतली. यावेळी स्टुलावर मी चढले आणि ते खाली खुर्चीत बसून सांगत राहिले. नाकात नळी होती, तरी आवाज साहेबासारखा.

नातीला त्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. ती चार वर्षांची झाली होती आणि तिचं मराठी बरं होतं. दर रविवारी ती विचारायची, "आबा, तुम्ही कधी येणार?" दादाला येता येत नव्हतं. आधी त्याची तिथली कागदपत्रं अडकलेली होती, देश सोडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग कागदपत्रं झाली तर नोकरी नवीन होती. तात्या त्याला कधी ये म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "मीच येतो की. इमानात तरी बसाय मिळंल."

अडचण बॅटरीची होती. छोट्या मशीनची एक बॅटरी चार तास पुरायची. कॅनडाचा प्रवास, मधला थांबा धरून, वीस तासांच्या वरचा. विमानात सीटला सॉकेट असतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका, प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या स्वतः आणा, असं विमानवाले सांगतात. म्हणजे सात-आठ बॅटऱ्या, आणि दर चार तासांनी अडचणीत बसून बदलायच्या.

आणि मी त्याच सॉकेटवर काम करत होते.

विमानातल्या सीटला वीज मिळते ती जमिनीवरच्या गालिच्याखालून आलेल्या वायरींतून. त्या वायरींचं वजन असतं. सीट पुढं-मागं सरकवायच्या झाल्या की त्या सगळ्या उकलायच्या आणि पुन्हा जोडायच्या. कुणी चहा सांडला, कुणाच्या बॅगेचं चाक अडकलं, की एका रांगेची वीज गेली. आमच्या कंपनीनं त्यावर वेगळा उपाय काढायला घेतला होता. प्रवाशाच्या डोक्यावर जिथं वाचायचा दिवा असतो, तिथून डोळ्याला न दिसणारा उजेड सीटच्या माथ्यावर सोडायचा. सीटच्या माथ्यावर तळहाताएवढी काळी काच, घरावरच्या सोलरच्या पट्टीसारखी. ती काच उजेड घेणार आणि सीटच्या आत वीज करणार. खालून एकही वायर नाही. मी त्या सीटच्या चाचण्या घ्यायचे. पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये आम्ही विमानाचा तुकडा उभा केला होता. सीटच्या तीन रांगा आणि वर छत. खिडक्यांच्या जागी नुसते पांढरे पत्रे होते.

तात्यांना पुण्याला डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं तेव्हा त्यांनी हट्ट धरला. "तुजी ती सीट बघाय पायजे." मी साहेबांची परवानगी काढली आणि एका शनिवारी दोघांना शेडवर नेलं. खांद्याला छोटं मशीन, मागं आई. तात्या पहिल्या रांगेत खिडकीकडं बसले. सीटवरचा छोटा पडदा चालू झाला, मी त्यांचा मोबाईल जोडून दाखवला. त्यांनी आधी खाली वाकून सीटच्या पायाशी पाहिलं, मग हात घालून चाचपलं.

"वायर कुटं हाय?"

"नाहीच. वरून येतंय."

"काय?"

"उजेड. आपल्याला दिसत नाही तो."

ते बराच वेळ वर बघत राहिले आणि मग आईकडं वळून हसले. "आवं, ऐकलं का? आजवर लाईटीचा उजीड पाडला. ही पोरगी उजिडाची लाईट करतीया."

मग त्यांच्यातला वायरमन जागा झाला. त्यांनी हात वर करून सीटच्या माथ्यावरच्या काचेवर धरला. उजेड तत्क्षणी बंद झाला. तो तसा व्हायलाच हवा, नाहीतर वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात जाईल. पडदा मात्र चालूच राहिला, कारण सीटच्या पोटात थोडी वीज साठवलेली असते.

"मानूस उटून बॅग काढाय लागला तर?"

"दहा मिनिटं चालतं."

"आन मागच्यानं कोट टाकला सीटवर?"

ही चाचणी आम्ही घेतली नव्हती. पुढच्याच आठवड्यात ती यादीत आली. आमच्या यादीतली ती एक ओळ त्यांची आहे.

"किती वॅट देती गं ही?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. मग सीटच्या पाठीला डोकं टेकून, डोळे मिटून म्हणाले, "माजं मशीन चालंल का ह्याच्यावर?"

आई माझ्याकडं बघत होती. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मला तेव्हा हिशोब येत नव्हता असं नाही. पण आमची पुढची सीट जास्त ताकदीची असणार होती, त्यावर काम चालू होतं, आणि त्या मिटल्या डोळ्यांसमोर मला नाही म्हणता आलं नाही.

"चालेल, तात्या," मी म्हणाले. "थोडे दिवस थांबा. आमची सीट विमानात बसली की पहिले तुम्हीच जा. पिन लावायची आणि निवांत झोपायचं कॅनडा येईपर्यंत."

इंदापूरला परत गेल्यावर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. शेजारच्यांना, विहारातल्या मंडळींना, दूध घालायला येणाऱ्याला. पोरीची सीट झाली की मी जानार.

पंधरा दिवसांनी मी तसलंच एक छोटं मशीन भाड्यानं आणलं आणि शेडमध्ये सीटला जोडलं. बॅटरी काढून ठेवली, म्हणजे ते नुसत्या सीटवर चाललं असतं. मशीन सुरू झालं. मी समोर उभी राहून मोजत होते. सहा मिनिटं गेली, सात गेली. मग पिवळा दिवा लागला, तीन वेळा पीप-पीप झालं आणि मशीन बंद पडलं. सीटच्या पोटातली वीज संपली होती, आणि वरून येत होती ती त्याला पुरणारी नव्हती. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

त्या आठवड्याच्या मीटिंगला मी साहेबांना म्हटलं, उजेड वाढवू या. त्यांनी चष्मा काढला. "किती वाढवणार? खाली माणसं बसलेली असणार. पोरंबाळं असणार. डोळ्यांची मर्यादा आहे ना काही."

"पण कुणाला जास्त वीज लागली तर? एखादा आजारी माणूस, त्याचं मशीन—"

"अहो बाई, हे मोबाईलसाठी आहे, पडद्यासाठी आहे. आपल्याला दवाखाना नाही उघडायचा विमानात."

त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तात्यांनाही सांगितलं नाही. मनाची समजूत घातली, की पुढच्या काचा चांगल्या येतायत, तेवढ्याच उजेडात जास्त वीज करतील. तसं खरोखरच होणार होतं. कधी होणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधी आम्ही बारामतीला तपासणीला गेलो. डॉक्टरांकडं नंबर लांब होता, तात्या बाहेर गाडीतच बसले. विमानतळाकडून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं एकामागून एक घिरट्या घालत होती आणि ते खिडकीतून मान बाहेर काढून ती मोजत होते. नंबर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना स्वतःच विचारलं, "सायेब, इमानात बसलेलं चालंल का?"

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "जायचं असेल तर आत्ता जा, तात्या. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर आहात, छोटं मशीन पुरतंय. बॅटऱ्या घ्या सोबत, मी पत्र देतो. सहा महिन्यांनी आलात तर कदाचित मीच नाही म्हणेन."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, जा. दादानंही तिकडून चौकशी केली होती. बॅटऱ्या भाड्यानं मिळत होत्या, विमानतळावर चाकाची खुर्ची मिळणार होती, मी रजा काढून सोबत गेले असते. पण मला सहा महिने हा आकडा ऐकू आला आणि आमच्या नव्या काचा चार महिन्यांत येणार होत्या. त्या आल्यावर सीट विमानात बसायला आणखी किती दिवस लागतील, ते मी मोजलंच नाही.

"बॅटऱ्या बदलण्यात घोळ झाला तर केवढ्याला पडेल," मी म्हणाले. "एवढे दिवस थांबलात, अजून चार महिने थांबा."

परतीच्या वाटेवर आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आता जाऊ दे की त्यास्नी. तुज्या त्या सीटीचं काय घिऊन बसलीस?"

"आगं, तिला कळतंय त्यातलं," तात्या म्हणाले. "तू गप."

काचा चार महिन्यांत आल्या नाहीत. आल्या त्या सात महिन्यांनी, आणि त्यांतल्या निम्म्या तडकलेल्या निघाल्या. तोवर तात्या दोनावरून चार लिटरवर गेले होते. छोट्या मशीनवर त्यांचे ओठ निळे पडायला लागले. ओसरीपर्यंत येणं बंद झालं. बारामतीच्या डॉक्टरांनी आता विमानाचं नाव काढू दिलं नाही. तात्यांनी पुन्हा विचारलंही नाही. रविवारी नात विचारायची, तेव्हा ते म्हणायचे, "यिऊ, यिऊ," आणि खोकल्याचं निमित्त करून मोबाईल आईकडं द्यायचे.

मी दर शनिवारी इंदापूरला जायला लागले. अशाच एका दुपारी आई बाजारात गेली होती. मी तात्यांच्या पाठीला उशी लावली आणि बोलायला बसले. काय बोलायचं ते पुण्यापासून घोकत आले होते, तरी सगळं उलटंसुलटं आलं. सीटवर त्यांचं मशीन चालत नाही, हे मला वर्षभरापूर्वीच कळलं होतं, मी चाचणी घेतली होती, सात मिनिटांत बंद पडलं होतं, आणि तरी मी त्यांना थांबवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोन-तीन श्वास जोरात घेतले.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले.

"काय माहिती आहे?"

"त्याच दिशी कळलं. तू वॅट सांगितलंस न्हवं का. मशीनचं वॅट मला पाट हायत. येवढ्या लाईटीवर ते कुटनं चालायचं?"

"मग बोलला का नाही?"

"तू लई खुशीत व्हतीस." ते थांबले, दम घेतला. "आन मलाबी भ्या वाटत व्हतं. इतक्या वर मशीन बंद पडलं, तर तुज्या आयनं काय करायचं? तू थांबा म्हनलीस, मला बरं वाटलं. तुज्यावर घातलं झालं."

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांची बोटं थंड होती. त्यांना खरंच शेडमध्ये कळलं होतं, का मला मोकळं करायला ते त्या दुपारी तसं म्हणाले, हे मला आजही सांगता येत नाही. आकडे त्यांना पाठ असणं शक्य होतं. पण ज्या माणसाला भीती वाटते तो गावभर सांगत सुटतो का, की मी जाणार? मी हे आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, "त्यास्नी कसलं भ्या? आनि आसलंच, तर मला सांगनार व्हय?"

जानेवारीत एका सकाळी ते गेले. चहा घेतला होता, अर्धा. आई कप विसळायला आत गेली आणि परत आली तेवढ्यात. मला पुण्याहून पोचायला दुपार झाली. घरात माणसं जमली होती, अंगण भरलं होतं, आणि आतल्या खोलीत मोठं मशीन तसंच घुरघुरत होतं. नळी त्यांच्या नाकातून काढली होती, ती पलंगावर पडून हवा सोडत होती. मशीन बंद करायला कुणीच धजावलं नव्हतं. आई म्हणाली, "तूच कर." मी बटण दाबलं, मग बोर्डावरची पिन काढली. ते घर एवढं शांत मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हा मला रडू आलं.

त्रिशरण-पंचशील झालं. दादानं सगळं मोबाईलवर पाहिलं. मोबाईल मी धरला होता, वंदनेला हात जोडायचे म्हणून मग शेजाऱ्यांनी धरला. पाचव्या दिवशी तो आला. एकटाच. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तात्यांच्या फोटोजवळ पांढऱ्या कपड्यांत बसला, आल्यागेल्याला हात जोडत राहिला. माणसं पांगल्यावर आम्ही दोघं ओसरीवर टेकलो आणि मी त्याला सीटची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तो चिडेल. मला तो चिडायला हवा होता.

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

"तू त्यांना तिकडं येऊ दिलं नाहीस," तो म्हणाला. "पण मला इकडं यायला कुणी अडवलं होतं? कागदपत्रं होऊन दीड वर्ष झालं, ताई. तिकीट काढलं असतं तर दुसऱ्या दिवशी आलो असतो. आपलं मला वाटत राहिलं, तात्याच येतायत."

लहानपणी तो मला ताई म्हणायचा नाही, मी धाकटी. त्या दिवशी का म्हणाला कोण जाणे. पुढं आम्ही या विषयावर बोललो नाही.

मी काम सोडलं नाही. सोडावं असं काही महिने वाटत होतं. शेडमध्ये पहिल्या रांगेतल्या खिडकीकडच्या सीटची चाचणी मी दुसऱ्याकडून करून घ्यायचे. नव्या काचांची सीट बरी निघाली. मोबाईल, पडदा, सगळं नीट चालतं. कोट टाकला तर सीट विमानातल्या कर्मचाऱ्यांना तसं कळवते. अजून ती नेहमीच्या विमानांत बसलेली नाही, परवानग्यांचं काम लांबतं. सीटसोबत जायच्या माहितीपत्रकाचा मसुदा माझ्याकडं आला, तेव्हा सातव्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, की ही वीज वैद्यकीय उपकरणांसाठी नाही. मी ती पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, मोठ्या अक्षरात घेतली. साहेब म्हणाले, "पहिल्याच पानावर नकार? गिऱ्हाईक बिचकेल."

"बिचकू दे," मी म्हणाले. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ओळ तिथंच राहिली.

पुढच्या वर्षी मी आईला घेऊन कॅनडाला गेले. ती तयार नव्हती. "तिकडं जाऊन त्या पोरीला काय सांगू, आबा का आलं न्हाईत?" असं म्हणत तिनं दोनदा तारीख पुढं ढकलायला लावली. विमानात ती वाटेकडच्या सीटवर पाय वर घेऊन बसली. तिनं पडदा लावला नाही आणि काही मागितलंही नाही.

दादाचं घर दोन मजली होतं. निजायच्या खोल्या सगळ्या वर. पण आमच्या बॅगा त्यानं खालीच, दिवाणखान्यालगतच्या एका खोलीत नेल्या. छोटीच खोली, एक पलंग, खिडकीतून शेजारचं मॅपलचं झाड दिसायचं. नात आमच्या पुढं पळत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ही आबांची रूम."

मी पलंगाच्या उशाशी पाहिलं. तिथं भिंतीत, हाताला येईल अशा उंचीवर, एक नवं सॉकेट बसवलेलं होतं. बाकी घरातली सॉकेटं जुनी, पिवळट पडलेली; हे एकटं पांढरं शुभ्र. त्याच्याभोवती भिंतीला नव्यानं लावलेला रंग जुन्या रंगाशी जुळला नव्हता. शेजारी मोठं मशीन मावेल एवढी जागा मोकळी सोडली होती.

"कधी केलंस हे?" मी विचारलं.

"तुमची बारामतीची तपासणी झाली ना, दिवाळीच्या आधी," तो म्हणाला. "डॉक्टर आत्ता जा म्हणाले, तेव्हा."

आई पलंगावर बसली. नातीनं तिला विचारलं, आजी, तू इथं झोपणार का? आई व्हय म्हणाली. मग तिनं पदर सावरून पाय वर घेतले, नातीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "ये, तुला आबांचं सांगते. लई खोडकर व्हतं."